खुर्चीचा धूर

आमच्या घरात खाण्यापिण्याला नावं ठेवायची पद्धत नाही. याला कोणी संस्कार म्हणेल, पण ती निव्वळ भीती आहे. माझ्या लहानपणी एकदा वडील जेवता जेवता म्हणाले, "मीठ जरा…" आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत आई ताटावरून उठली. पुढचे दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही आणि आम्ही ब्रेड खाऊन राहिलो. मीठ कमी होतं की जास्त, हे वडिलांनी पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून नियमच पडला: पहिला घास तोंडात गेला की लगेच "छान झालंय" म्हणायचं. गिळायचं काय ते नंतर बघता येतं.

लग्न होऊन बायको घरात आली, त्या दिवशी मी तिला हे सगळं हळूच सांगून ठेवलं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे पुरावा न बघता निकाल देतात?"

"छान बोललीस," मी म्हणालो.

चोवीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग बायकोची नोकरी गेली.

सव्वीस वर्षं ती शहरातल्या नळांचं पाणी बाटल्यांतून तपासत होती. मग प्रयोगशाळेत एक यंत्र आलं. ते तिच्यासकट पाच जणांचं काम एकटं करत होतं आणि मधल्या सुट्टीत डबाही खात नव्हतं. पाच जणांना निरोपसमारंभात एकेक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. इतका वेळ हातात दिल्यावर तो मोजायची सोयही करून द्यावी, असा त्यामागे विचार असावा. पहिल्या महिन्यात तिने घरातले सगळे नळ तपासले. दुसऱ्या महिन्यात ती मला तपासायला लागली. तिसऱ्या महिन्यात मी घाबरून गॅरेजमधली ग्रिल बाहेर काढली आणि म्हणालो, "यावर काहीतरी कर."

ही ग्रिल मला कंपनीकडून मिळाली होती. मी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सर, इस्त्री, हीटर असं काही विकत घेतलं की खोक्यात अगदी वर जी पुस्तिका असते आणि जी तुम्ही न उघडता ड्रॉवरमध्ये टाकता, ती माझी. एकोणीस वर्षांत माझी शंभरावर पुस्तकं निघाली आणि घराघरांत पोचली. वाचक मात्र मला अजून भेटायचा होता. या ग्रिलची बत्तीस पानी पुस्तिकाही मीच लिहिली होती आणि मोबदल्याबरोबर एक ग्रिल भेट मिळाली होती. गोल, काळी, झाकणाची. ती तीन वर्षं खोक्यातच होती, कारण ती कशी जोडायची हे पुस्तिकेत फार अवघड करून सांगितलं होतं.

बायकोने ती जोडली. पुस्तिका न बघता, वीस मिनिटांत.

त्यावर तिने भाजी भाजली, मांस भाजलं, त्यात तिला काही गोडी वाटली नाही. एकदा निखारे विझत आलेले असताना तिने लिंबाचं सरबत चुकून ग्रिलवरच ठेवलं आणि झाकण टाकलं. अर्ध्या तासाने ते सरबत प्यायल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी तिच्या पगारवाढीच्या दिवशीही बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून अंगणात धुराची कॉकटेल्स सुरू झाली.

पद्धत अशी. एका बाजूला निखारे, त्यांवर सफरचंदाच्या लाकडाचे चार-पाच तुकडे. दुसऱ्या बाजूला बर्फाने भरलेलं पातेलं आणि त्यावर पसरट ट्रे. ट्रेमध्ये बोटभर जाडीचा मधाचा पाक, किंवा अननसाचा रस, किंवा नुसतं पाणी. धूर वरवरच बसतो, म्हणून भांडं पसरट हवं आणि दर दहा मिनिटांनी ढवळायला हवं. पाण्याचा मग बर्फ करायचा. जाळीवर लिंबं कापून उपडी ठेवायची, ती करपली की पिळायची. यात व्हिस्की किंवा रम पडली की ते कॉकटेल. आईसाठी त्याच रसात गार चहा. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, प्रत्येक बाटलीला लेबल आणि एका जाड वहीत नोंद: लाकूड, वेळ, ट्रेचं तापमान आणि शेवटी शेरा. शेरे मी आणि आई देत होतो.

चार महिन्यांत नमुने झाले बेचाळीस. शेरे झाले चौऱ्याऐंशी. सगळे "छान".

कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या गच्चीवर नवा बार होणार आहे, असं कळल्यावर बायको दोन बाटल्या घेऊन थेट तिथल्या मॅनेजरबाईंकडे गेली. मॅनेजरबाईंनी बाटल्यांचा वास घेतला आणि म्हणाल्या, "आम्ही गच्चीवर ग्रिल ठेवणार आहोत. शनिवार-रविवार तिच्यामागे कोणीतरी माहीतगार उभं हवंय. रविवारी पाचला तुमच्याकडे येते. तुम्ही करताना बघते, पिऊन बघते आणि तिथेच सांगते."

त्याच रविवारी संध्याकाळपर्यंत बायकोला आणखी एकीला उत्तर द्यायचं होतं. तिच्या मामेबहिणीची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. तिथे काउंटरवर बसायला माणूस हवा होता. "सोमवारपासून ये, पण रविवारी नक्की सांग, नाहीतर मी दुसरी बघते," असं बहिणीने बजावलं होतं. बाटल्या घ्यायच्या, नावाची लेबलं चिकटवायची, संध्याकाळी रिपोर्ट वाटायचे.

"सव्वीस वर्षं बाटलीत काय आहे ते मी सांगत होते," बायको म्हणाली. "आता बाटली कोणाची आहे, तेवढंच सांगायचं."

म्हणजे रविवारी पाच वाजता एकतर गच्ची, नाहीतर काउंटर. तिसरं काही नव्हतं.

रविवारी बारा वाजता तिने मला गॅरेजमधून लाकडाची पिशवी आणायला सांगितली. मी गेलो. पिशवी रिकामी होती. नवी पिशवी बुधवारी आणायची होती आणि ती आणायची जबाबदारी कोणाची होती, या तपशिलात मी इथे शिरत नाही.

खरं तर मी बाहेर येऊन "संपलंय" एवढंच म्हणायला हवं होतं. पण ज्या घरात "मीठ कमी आहे" म्हणता येत नाही, तिथे "लाकूड संपलंय" कुठून म्हणता येणार? शेवटी लाकूड म्हणजे लाकूड, असा विचार करत मी इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात माझ्या वडिलांची आरामखुर्ची होती. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि खुर्चीची बैठक त्यांच्याही आधी गेली होती. तिचा डावा हात नाहीतरी हलतच होता. मी तो काढला, करवतीने सहा तुकडे केले, पिशवीत भरले आणि बाहेर नेऊन दिले.

"आज जरा काळपट दिसतायत," बायको म्हणाली.

"जुनं झाड असेल," मी म्हणालो. हे खोटंही नव्हतं.

अडीच वाजता नमुना क्रमांक त्रेचाळीस तयार झाला. भाजलेल्या लिंबाचा रस, धुरावलेला मध, व्हिस्की, गुरुवारी केलेला धुराचा बर्फ आणि ग्लासच्या काठाला धुरावलेलं मीठ. आईला तेच, व्हिस्कीच्या जागी गार चहा. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि अंगणातल्या वेताच्या खुर्चीत बसून सगळ्यावर लक्ष ठेवून असते.

मी घोट घेतला. नव्या कपाटात डोकं घालून श्वास घ्यावा तशी चव होती.

"छान!" मी म्हणालो.

"छान झालंय गं," आई म्हणाली.

बायकोने वही मिटली. "मला छान नकोय. आठवडाभर मी धुरात उभी आहे, माझं नाक कामातून गेलंय. मला काहीतरी वेगळं लागतंय, पण काय ते कळत नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. खरं सांगा."

"खरंच छान."

"सतरावा नमुना आठवतोय?"

"छान होता."

"त्यात नुसतं कोळसे विझवलेलं पाणी होतं. मुद्दाम दिलं होतं, बघायला. तुम्ही छान म्हणालात. आईंनी आणखी मागून घेतलं."

आई ढगांकडे बघायला लागली. मी ग्रिलकडे.

"घरात दोन माणसं आहेत," बायको म्हणाली, "आणि त्यांच्यापेक्षा लिटमसचा कागद बरा. तो निदान रंग तरी बदलतो."

एवढ्यात फाटक वाजलं आणि बगलेत लाल सिलिंडर घेऊन माझे मेहुणे आत आले.

बायकोचा हा थोरला भाऊ अग्निशमन दलात एकतीस वर्षं होता. त्यातली शेवटची बारा वर्षं आग विझल्यानंतर राखेत उभं राहून ती कशाने लागली ते शोधून काढण्यात गेली. सगळे त्यांना बंबदादा म्हणतात. वाढदिवसाच्या मेणबत्त्या ते दोन बोटांनी चिमटीत धरून विझवतात. फुंकर मारली की ठिणगी उडते म्हणे. या माणसापासून ग्रिलची गोष्ट आम्ही चार महिने लपवून ठेवली होती.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"आग. तुमच्या शेजाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, आज धुराचा वास रोजच्यासारखा नाही. रोजच्यासारखा म्हणजे काय?"

भिंतीपलीकडून निवृत्त पोस्टमास्तरांचं डोकं वर आलं, बंबदादांना बघून समाधान पावलं आणि खाली गेलं.

"आग नाहीये रे दादा, कॉकटेल आहे," बायको म्हणाली. "पाच वाजता हॉटेलच्या बाई येणार आहेत. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तुला ओरडायचं असेल तर सहानंतर ओरड."

बंबदादांनी सिलिंडर खाली ठेवला. ग्रिलभोवती एक फेरी मारली. कुंपणापासूनचं अंतर पावलांनी मोजलं. मग टेबलावरचा माझा ग्लास उचलून नाकाखाली धरला. ते पीत नाहीत. त्यांनी नुसता वास घेतला. डोळे मिटून, दोनदा.

"काय जाळलंत?"

"सफरचंदाचं लाकूड."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सागवान. जुनं, चाळीसेक वर्षांचं. वरून पॉलिश, एकदा नाही, दोनदा. सांध्यात सरस." ते रिपोर्ट लिहायला सांगितल्यासारखे बोलत होते. "फर्निचर आहे हे. बसायचं फर्निचर."

"बसायचं, हेसुद्धा वासावरून कळतं?" मी कौतुकाने विचारलं. विषय बदलला तर हवाच होता.

"नाही. तुमच्या गॅरेजच्या दारातून एका हाताची खुर्ची दिसतेय."

सगळे गॅरेजकडे बघायला लागले. खुर्ची उजवा हात टेकवून आरामात उभी होती.

"किती प्यायलात?" बंबदादांनी विचारलं.

"एक घोट."

"आणखी घेऊ नका. पाणी प्या. आणि जावईबापू, पान अकरा, ओळ चौथी."

"काय?"

"'रंगवलेले, पॉलिश केलेले किंवा सरस लावलेले लाकूड कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.' ग्रिलची पुस्तिका. तुम्हीच लिहिलीय ना?"

"तुम्ही… वाचलीत?"

"दोनदा. मागच्या वर्षी तुमच्या ड्रॉवरमध्ये सापडली. चांगली आहे. सोळाव्या पानावर वाळूच्या बादलीचा उल्लेख यायला हवा होता."

माझे डोळे भरून आले. एकोणीस वर्षांनी वाचक भेटला होता आणि तो घरातलाच निघाला. बायकोला ते पश्चात्तापाचे अश्रू वाटले. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वही उघडली, त्रेचाळीस क्रमांकापुढे लिहिलं, "शेरा: खुर्ची," आणि बाटली मोरीत ओतली. मग पायरीवर बसली.

"तीन वाजलेत," ती म्हणाली. "लाकूड नाही. आज रविवार, दुकान बंद. मी आत्ताच बहिणीला फोन करून हो म्हणते. निदान त्या बाटल्यांची चव कोणाला विचारावी लागत नाही."

"खुर्ची ह्यांची होती," आई अचानक म्हणाली.

आता हे आणखी, असं वाटून मी मान खाली घातली. "चुकलं, आई."

"चुकलं काय? मला ती कधीच आवडली नाही. ठेंगणी मेली. बसलं की उठता यायचं नाही. त्यांनी हौसेने आणली, मला विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, छान आहे. झालं. तीस वर्षं त्या खुर्चीमागचे पडदे धुतले नाहीत मी, कारण ती हलवायला दोन माणसं लागायची." आईने पदर सारखा केला. "एकदा बोललं की निभवावं लागतं रे. दुसराही हात जाळ हवं तर."

"नको," बंबदादा घाईने म्हणाले. "पान अकरा."

मग त्यांनी हात मागे बांधून अंगणात पुन्हा एक फेरी मारली आणि भिंतीपाशी थांबून पलीकडे बघितलं. "ही लाकडं कसली?"

पलीकडे भिंतीला लागून फांद्यांचा ढीग होता. पोस्टमास्तरांचं डोकं परत वर आलं. ते फार लांब गेलं नव्हतंच.

"तुती," पोस्टमास्तर म्हणाले. "मागच्या वर्षी छाटली. कडकडीत वाळलीय. का?"

"फळझाड. रंग नाही, औषध फवारलेलं?"

"छे. पाखरंच खायची सगळी तुती. औषध कोणासाठी मारू?"

बायको उठून उभी राहिली. "काका, थोडी मिळतील? मला आत्ता पाहिजेत. फार अडचण आहे हो."

पोस्टमास्तरांनी विचार केला. चार महिने भिंतीपलीकडून नाकाने हजेरी लावलेला माणूस घेतो, तेवढा वेळ घेतला. "चार महिने मी हा वास घेतोय," ते म्हणाले. "अननसाचा एक दिवस होता, तेव्हा तर मी जेवलोच नाही, नुसता अंगणात बसून राहिलो. एकदाही कोणी म्हणालं नाही, की या, बसा, अर्धा ग्लास घ्या. तक्रार करू नको तर काय करू?"

पाच मिनिटांत पोस्टमास्तर अंगणात होते आणि त्यांच्या मागोमाग भिंतीवरून तुती येत होती.

मी काडेपेटी घेतली. बंबदादांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही नको," ते म्हणाले. "तुमचं आजचं काम झालंय."

"पण दादा, तू कधी पेटवलंयस का काही?" बायकोने विचारलं.

बंबदादांनी काडेपेटी कानाशी हलवून बघितली. "कधी पेटवलं नाही," ते म्हणाले. "पण कसं पेटतं ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असेल?"

त्यांनी आधी पाण्याची बादली आणवली, मग वाळूची, मग ओलं गोणपाट. पोस्टमास्तरांना दोन पावलं मागे सरकवलं. जुने निखारे आणि राख पत्र्याच्या डब्यात काढून ग्रिल पुसून घेतली. कोळसे रचले, हवेची खालची झडप उघडली आणि काडी ओढली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका विझवून झाल्यावर हा माणूस स्वतः पहिल्यांदा जाळ करत होता, तोही सरबतासाठी. कोळशाने एका काडीत पेट घेतला. त्यांच्या कानांची टोकं लाल झाली. उष्णतेने असेल.

तुतीचे तुकडे पडल्यावर पांढरा दाट धूर आला. बायको ट्रे घेऊन पुढे झाली.

"थांब," बंबदादा म्हणाले. "पांढरा धूर म्हणजे लाकूड अजून कुढतंय. कडू असतो तो. पातळ होऊ दे. निळसर आला की ठेव."

"चार महिने मी पांढऱ्यातच ठेवत होते."

"आणि हे काय म्हणायचे?"

"छान."

बंबदादांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी वाळूची बादली उगाच थोडी सरकवली.

धूर निळसर झाला. ट्रे आत गेला, झाकण पडलं. बायको दर दहा मिनिटांनी ढवळत होती, बंबदादा झडप बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत होते. भाऊ-बहीण शाळेतल्या प्रयोगाच्या तासाला बसल्यासारखे वाकून उभे होते. सव्वाचारला तिने चमच्यात थोडं घेऊन त्यांच्या नाकाखाली धरलं.

"अजून कडसर. वरचा थर बाजूला काढ."

साडेचारला पुन्हा.

"मधाचा वास दबलाय. पाच मिनिटं कमी ठेवायला हवं होतं. लिंबू वाढव."

ती लिहून घेत होती आणि प्रत्येक दोषाबरोबर तिचा चेहरा उजळत होता. नवरा म्हणून चोवीस वर्षांत मी तिला जे सुख देऊ शकलो नाही, ते तिचा भाऊ फटाफट देत होता. पावणेपाचला बंबदादांनी तिसऱ्यांदा वास घेतला.

"ठीक," ते म्हणाले.

"ठीक?" बायकोने त्यांचा हात धरला. "नक्की ठीक? दादा, तू मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीयेस ना?"

"बरं वाटावं म्हणून मी रिपोर्ट लिहिले असते, तर आज विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो असतो."

मॅनेजरबाई पाचच्या ठोक्याला आल्या. पन्नाशीच्या, सपाट चपलांच्या, खांद्याला मोठी पिशवी. त्यांनी ग्रिल बघितली, ट्रे बघितला, बादल्या बघितल्या. गोणपाट बघून त्यांची भुवई जरा वर गेली. बायकोने त्यांच्यासमोर लिंबं भाजली, पिळली, मधाचा पाक मोजून घातला, व्हिस्की, बर्फ, काठाला मीठ. उरलेल्यातून आईला आणि पोस्टमास्तरांना ग्लास मिळाले.

मॅनेजरबाईंनी घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला.

"छान," त्या म्हणाल्या.

अंगणात कोणीतरी गेल्याची बातमी आल्यासारखी शांतता पसरली. बायकोचा चेहरा पडला. बंबदादांनी टोपी काढली. मॅनेजरबाई सगळ्यांकडे बघत राहिल्या. कौतुक केल्यावर एवढं दुःख त्यांनी कुठे बघितलं नसणार.

"मी म्हटलं, छान आहे," त्या जरा मोठ्याने म्हणाल्या.

"हो," बायको म्हणाली. "कळलं. आल्याबद्दल आभार." आणि तिचा हात फोनकडे गेला.

तेवढ्यात वेताची खुर्ची करकरली. आईने ग्लास डोळ्यांसमोर धरला होता.

"मीठ जरा…" आई म्हणाली आणि थांबली.

हे दोन शब्द या घरात पंचेचाळीस वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. आईने अंगणभर नजर फिरवली, गॅरेजमधल्या एकहाती खुर्चीवर ती क्षणभर थांबवली आणि वाक्य पूर्ण केलं.

"मीठ जरा जास्त झालंय."

"आई!" मी म्हणालो.

"आई काय? सगळ्या काठाला कशाला मीठ? जिथून प्यावं तिथून मीठच. धूर कुठे लागतोय? एवढा मेहनतीने केलाय पोरीने."

मॅनेजरबाईंनी पुन्हा घोट घेतला. मग काठाची थोडी जागा रुमालाने पुसली आणि तिथून प्यायल्या. "आजी बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "मलाही ते लागलं होतं. पण पहिल्याच भेटीत कसं बोलायचं, म्हणून…"

"बोला ना!" बायको जवळजवळ ओरडली. "आणखी काय लागलं?"

"बर्फाचे तुकडे मोठे हवेत. लवकर विरघळतायत."

"आणखी?"

"ग्लास आधी गार केलेला नाही."

"बरोबर! आणखी?"

बायकोने तिथेच नवा ग्लास बर्फात बुडवून गार केला, अर्ध्याच काठाला मीठ लावलं, दोन मोठे तुकडे टाकले. मॅनेजरबाईंनी तो हातात घेतला आणि प्यायल्या. पुन्हा प्यायल्या. उभ्या होत्या त्या पायरीवर बसल्या, पिशवी खाली ठेवली, ग्लास संपवला, तळाचा बर्फ हलवून बघितला आणि तोही थेंबभर प्यायल्या.

"शनिवारी चारपर्यंत याल?" त्यांनी विचारलं. "निखारे तयार व्हायला वेळ लागतो ना?"

"तीनला येते," बायको म्हणाली. "निळा धूर यायला हवा."

"आणि हे बादल्यांवाले गृहस्थ कोण? आम्हाला गच्चीच्या परवान्यासाठी आगीचं कळणारं कोणीतरी लागेलच."

बंबदादांनी टोपी घातली. "कुंपणापासून अंतर किती आहे?" त्यांनी विचारलं.

बायकोने बहिणीला फोन केला. मी शेजारीच होतो. "नाही जमणार गं," ती म्हणाली, आणि तिकडून बराच वेळ काही बोललं गेल्यावर, "नाही, तसं कारण नाही. काम मिळालं." ते शेवटचे दोन शब्द तिने इतक्या हळू उच्चारले, की बहिणीला ते दोनदा विचारावे लागले. दुसऱ्यांदा सांगताना ती हसत होती. वहीत चव्वेचाळीस क्रमांकापुढे पहिल्यांदाच शेऱ्याची जागा पुरली नाही. तिने समास वापरला आणि मग मागचं पान.

पोस्टमास्तरांनी तीन अर्धे ग्लास घेतले आणि घरी जाताना भिंतीवरूनच जायचा हट्ट धरला.

सगळे दमले होते. आनंदाच्या भरात मी जाहीर केलं, की आज रात्रीचं जेवण माझ्याकडे. टोमॅटोचं सूप केलं, पाव भाजले, टेबल मांडलं. बायकोने चमचा तोंडात घातला. आईने घातला. बंबदादांनी आधी वास घेतला.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"पाणचट," बायको म्हणाली.

"टोमॅटो कच्चे राहिलेत," आई म्हणाली.

"पाव करपलेत," बंबदादा म्हणाले. "डावीकडून."

तिघंही मोठ्या आवडीने जेवत होती.

मी चमचा खाली ठेवला, उठलो आणि पुढचे दोन दिवस कोणाशी बोललो नाही.